पाच रेघांची वही

खदीजाखालाला मी लहानपणापासून ओळखत होते, पण तिचं वाटोळं केलं ते वकील झाल्यावर. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं हॉस्पिटलला शिव्या देताना मी स्वतःला मोठी न्यायाची पुतळी समजते असं कुणाला वाटायचं.

आम्ही तेव्हा शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. माझे वडील दत्तू कांबळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. १९७९ साली माझा भाऊ संघर्ष जन्मला आणि आई, बायजाबाई, तापानं अशी आडवी झाली की तिला दूधच येईना. मी आठ वर्षांची होते. शेजारच्या खोलीत खदीजाखाला राहायची. ती मूळची तळोज्याची, कोकणी मुसलमान. नवरा लवकर गेलेला. शिरवण्याच्या एका छोट्या प्रसूतिगृहात ती आया होती. तिची लेक तेव्हा बुशराला घेऊन माहेरी आलेली. बुशरा काही महिन्यांची. खालानं न विचारताच संघर्षला उचललं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. गावाकडचे आमचे भाऊबंद आले होते, त्यांनी नाकं मुरडली. तिच्याकडच्याही दोघीचौघी कुजबुजल्या. खाला म्हणाली, "आधी पोराचा पोट भरूं दे, मग बसा नावं ठेवीत."

संघर्षचं पोट भरलं आणि खालानं ट्रंकेतून एक वही काढली. लेकीच्या पानावर, बुशराच्या नावाखाली तिनं संघर्षचं नाव लिहिलं आणि पुढं एक रेघ मारली. दुपारी दुसरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच रेघा झाल्या. खालानं पाची रेघांना मिळून एक आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

हे काय, ते मला पुढं कळलं. त्यांच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं धरतात. एका बाईचं दूध प्यालेली पोरं भावंडं होतात आणि त्यांचं लग्न होत नाही. पण एकदा तोंड लावलं की झालं, असं नाही. कोकणी मुसलमान ज्या रीतीनं चालतात तिच्यात पाच वेळा पोटभर पाजावं लागतं. चार वेळा पाजलं तर नातं नाही. आता वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्या बाळंतिणीला ताप आला, तिचं पोर कुणी किती वेळा पाजलं, हे कोण लक्षात ठेवणार? खदीजाखाला ठेवायची. झेडपीच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकली होती, तेवढ्या अक्षरांवर तिनं हा कारभार मांडला होता. एका पाजणाऱ्या बाईला एक पान. त्या पानावर आधी तिची पोटची पोरं, मग दुधाची, सगळी एका खाली एक. ज्यांच्या पाच रेघा भरल्या नाहीत ती नावं वहीच्या मागच्या पानांवर.

माझी आई बरी झाल्यावर हसली होती. "खाला, आमच्या संघर्षला तुमच्यातली पोरगी कोण देणाराय? कशाला लिहून ठेवलंत?"

"देनं-घेनं माज्या हातात नाय," खाला म्हणाली. "लिवनं माज्या हातात हाय."

तळोजा, नावडे, पनवेल, इकडं नेरूळ, इतक्या गावांतल्या घरांत रिश्ता आला की मुलीची आई आधी खालाकडं यायची. खाला चष्मा लावायची, वही काढायची, पुढची पानं बघायची, मागची बघायची आणि 'हलाल हाय' किंवा 'नाय' एवढंच म्हणायची. या कामाचे तिनं कधी पैसे घेतले नाहीत. साखरपुड्याला मात्र तिला पहिलं बोलावणं असायचं आणि ती पुढच्या रांगेत अशी बसायची की नवरदेवाच्या बापानंही थोडं सरकून घ्यावं. तिचा काय तो एवढाच ताठा. पुढं लेक वारली. जावई कुवेतला होता, तो तिकडंच रमला. बुशरा खालाकडं वाढली. आम्हीही सगळे नेरूळच्या सिडकोच्या घरांत आलो, खाला तळमजल्याला आणि आम्ही वर.

खालाच्या वहीत पहिलं पान तिचं स्वतःचं होतं. त्यावर तिच्या पोटच्या मुलांमध्ये एक नाव होतं शहजादचं. शहजाद तळोज्याचा. त्याला जन्म देऊन त्याची आई तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा खालाच्या अंगावर तिची लेक पीत होती. खालानं दोघांना पाजलं. शहजाद तिला आईच म्हणायचा. त्याला दोन मुलगे झाले. दोघंही सात-आठ वर्षांचे होईतो पळत होते आणि मग पडायला लागले. आधी जिना चढवेना, मग उभं राहवेना. शहजाद त्यांना पाठुंगळी मारून केईएमपासून अजमेरपर्यंत फिरला.

१९९६ च्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका बड्या हॉस्पिटलनं तळोज्यात मोफत शिबिर घेतलं. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. घाबरते म्हणून नव्हे, त्यांचे वकील मला नोटिशीपुरतंही महत्त्व देत नाहीत, हे मी बघितलंय. पण त्यांची फुकट जाहिरात कशाला? तर शहजादच्या पोरांसारखी आजूबाजूच्या गावांत आणखी सात मुलं निघाली. हा रोग रक्तातून उतरतो, आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलाला होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घराण्यांची वंशावळ मिळाली तर रोगाचं मूळ सापडेल आणि तपासणी निघेल, म्हणाले. शहजादनं भाबडेपणानं सांगितलं, "आमच्या आईकडे वही हाय ना."

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचा चेहरा कसा झाला ते खाला मला पुढं कैकदा सांगायची. वही उघडून ते नुसते बघत राहिले. म्हणाले, "आजी, आम्ही पाच वर्षं जे शोधतोय ते तुमच्या ट्रंकेत होतं." खालाला खुर्ची दिली, चहा दिला. आयाला डॉक्टरनं खुर्ची द्यावी, हे तिच्या तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं. मग एक समाजसेविका वही घेऊन झेरॉक्सला गेली. मागची पानं तिनं सोडून दिली, कारण त्यांवर अपुऱ्या रेघा होत्या आणि तिला त्या खाडाखोड वाटल्या. पुढचं प्रत्येक पान म्हणजे एक आई आणि तिची लेकरं, असं धरून त्यांनी वंशावळ काढली. कुणी विचारलं नाही. खालानंही सांगितलं नाही. का सांगेल? लग्न होऊ शकतं की नाही एवढ्यासाठीच कुणी ती वही बघतं, हे तिला आयुष्यभर ठाऊक. त्या कामाला पोटची काय आणि दुधाची काय, दोन्ही सारखीच.

खालानं आणि बुशरानं एका इंग्रजी फॉर्मवर सह्या केल्या. दोघींचं रक्त घेतलं. मी तेव्हा नुकती सनद घेऊन वाशीच्या कोर्टात चकरा मारत होते. खालानं फॉर्म मला दाखवला असता तर मी वाचला असता का? मला वाटतं, मीही म्हटलं असतं, हॉस्पिटलचं आहे, करा सही.

दोन वर्षांनी बुशराचं लग्न ठरलं. मुलगा अम्मार, नावड्याचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेबनीस. बुशरा बारावी करून उर्दू शाळेत शिकवत होती. गोरीगोमटी म्हणावी अशी नव्हती, पण हसली की समोरच्यानं टेन्शन विसरावं. अम्मारनं तिला एका लग्नात बघितलं आणि आईच्या मागं लागला. रीतीप्रमाणं आधी वही निघाली. या खेपेला खाला स्वतःच्या नातीसाठी बघत होती, त्यामुळे तिनं मुद्दाम अम्मारच्या आईला शेजारी बसवून मागचं पान दाखवलं. अम्मार तान्हा असताना त्याच्या आईला टायफॉइड झाला होता आणि खालाच्या अंगावर तेव्हा तिचं धाकटं, पुढं न जगलेलं पोर होतं, म्हणून तिनं अम्मारलाही पाजलं होतं. तीन वेळा. तीन रेघा होत्या. पाच असत्या तर अम्मार बुशराच्या आईचा दूधभाऊ झाला असता, म्हणजे बुशराचा मामा. तीन म्हणजे कुणी नाही. अम्मारच्या आईनं रेघा बोटानं मोजल्या आणि म्हणाली, "तुमी लिवलंय म्हंजे झाला." साखर वाटली गेली.

आता एका यादीकडं येते. हॉस्पिटलनं जमातीच्या भल्यासाठी, हे शब्द त्यांचेच, एक कागद टाइप करून जमातीच्या, म्हणजे मशिदीच्या पंचायतीच्या, सेक्रेटरीकडं दिला. सेक्रेटरी मुस्तफाभाई, त्यांची पनवेलला लाकडाची वखार. सरळ माणूस. ज्या घरांत रोग आहे किंवा असू शकतो अशा चौदा घरांची आणि त्यांतल्या लग्नाच्या मुलामुलींची नावं त्या कागदावर होती. लग्नं जुळवताना काळजी घ्या, एवढाच हेतू. मुस्तफाभाईंनी कागद कपाटात ठेवला आणि बायकोला सांगितलं, कुणाला बोलू नकोस. याहून अधिक खुलासा करायची गरज नाही. आठवड्यात नावड्याला पोचलं की यादीत सातव्या नंबरला बुशरा आहे.

अम्मारची आई आली ती दारातच उभी राहिली. खाला तिला समजावत होती, "अगो, तुला ठाऊक हाय ना, शहजाद माज्या पोटचा नाय! त्याची आई कोन व्हती ते सगल्या गावाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पन बुशराचा रगत घेतलेला ना त्यांनी? मग रगतातच निगला असंल. दुधातून पन उतरत असंल, आपुन काय डाक्टर हाव?"

सगळ्या गावांनी तेच धरलं होतं. रक्त घेतलं, मशीनवर घातलं, नाव निघालं. बुशराच्या रक्ताचा आणि त्या यादीचा काडीचा संबंध नव्हता. तिचं घर यादीत केवळ झेरॉक्सवरून आलं होतं, कारण तिथं शहजाद तिच्या आईचा सख्खा भाऊ दिसत होता. पण तोंडी सांगणाऱ्या म्हातारीपेक्षा टाइप केलेला कागद मोठा असतो, हे मला कोर्टात शिकावं लागलं, लोकांना उपजत कळतं.

खाला वर आली. माझ्या हातात वही दिली. "शर्मिला, तू वकील हायस. त्यांना येवडाच सांग, की शहजादचा नाव तिथून काडा. एक रेग खोडायची हाय. बाकी काय नको."

एक रेघ खोडायची. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

हॉस्पिटलच्या कायदा विभागात एक गृहस्थ होते, अतिशय गोड बोलायचे. मी संघर्षलाच बरोबर घेऊन गेले होते. म्हटलं, "तुमच्या वंशावळीत हा मुलगा बुशराचा सख्खा भाऊ असणार. संघर्ष दत्तू कांबळे. आम्ही बौद्ध आहोत, मूळ सिंधुदुर्गचे. आता तुम्हीच बघा तुमची वंशावळ किती बरोबर आहे ते." संघर्षनं मान डोलावली. मला वाटलं, बाजी मारली.

ते म्हणाले, "मॅडम, वंशावळीत कोण आहे आणि कोण नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. सहभागी व्यक्तींची ओळख गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे."

"अहो, ही व्यक्ती माझा भाऊ आहे. समोर बसलाय."

"तो सहभागी आहे की नाही, हेही गोपनीयच."

"आणि जमातीला दिलेली यादी?"

"यादी? आम्ही फक्त जनजागृतीचं पत्रक दिलं होतं."

मी म्हटलं, ठीक, तुमच्याकडं बुशराच्या रक्ताची बाटली आहे. आता तर तपासणीही निघाली आहे, पेपरात फोटो आला होता. ती बाटली तपासा आणि एका ओळीत लिहून द्या. ते हसले. फॉर्ममधलं नववं कलम दाखवलं: कुणालाही स्वतःचा निकाल कळवला जाणार नाही. शिवाय नमुने आणि माहिती करारानं अमेरिकेतल्या एका कंपनीकडं गेलेली, तपासणीचं पेटंट तिच्याकडं, हॉस्पिटलला परस्पर काही करता येत नाही. दुसरीकडं कुठं ही तपासणी होते का? कुठंच नाही. जगात फक्त त्यांच्याकडं. म्हणजे बुशरा निर्दोष आहे हे जगात एकाच ठिकाणी सिद्ध होऊ शकत होतं आणि त्या दारावर तिच्याच भल्यासाठी कुलूप लावलं होतं. बुशराचं गुपित साऱ्या तळोज्याला ठाऊक. फक्त बुशराला सांगायचं नाही. मी बाहेर आले. संघर्ष म्हणाला, "ताई, मी नक्की कोणाचा गं?" मला हसू आलं नाही.

नोटीस पाठवली, तिला तीन ओळींचं उत्तर आलं. ठाण्याच्या ग्राहक मंचात गेले. तिथं पहिल्याच तारखेला त्यांच्या वकिलानं विचारलं, शिबिराचे पैसे किती दिले होते? काहीच नाही? मग ग्राहक कसल्या? सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा कायद्यात बसत नाही, हे वरच्या कोर्टानं ९५ सालीच सांगून ठेवलेलं. ज्यांनी रक्त दिलं, वही दिली, त्यांनी पैसेही द्यायला हवे होते म्हणजे मग त्यांना तोंड उघडायचा हक्क मिळाला असता. वर त्या वकिलानं मला व्हरांड्यात गाठून आणखी एक निकाल ऐकवला, नुकताच आलेला, ९८ सालचा: ज्याच्याशी लग्न होणार त्याच्या रक्तातला रोग कळण्याचा दुसऱ्या बाजूला हक्क आहे. मी म्हटलं, "आणि नसलेला रोग कळण्याचा?" ते म्हणाले, तुम्ही तरुण आहात, चिडू नका.

अम्मार तेवढा दर शुक्रवारी फोन करायचा. आईचं मन वळवतो, हॉस्पिटलनं फक्त लेखी द्यायला हवं. बुशरा खालच्या पायरीवर वह्या तपासत बसायची आणि मी कोर्टातून आले की मान वर करायची. मला तिच्या त्या मान वर करण्याची भीती वाटायला लागली होती.

मग ९९ च्या फेब्रुवारीत त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. मंचातलं प्रकरण मागं घेत असाल तर एक वाट आहे. एखादी नोंद बदलणं त्यांच्या नियमात बसत नाही; एक चूक मान्य केली तर बाकीच्यांचं काय, असं कंपनी विचारेल. पण माहिती देणाऱ्यानंच आपली माहिती भरवशाची नाही असं शपथेवर सांगितलं, तर त्या माणसाकडून आलेली सगळी पानं बाद होतात. पानं बाद झाली की पत्रक नव्यानं निघेल, त्यात बुशराचं नाव नसेल. मसुदा त्यांनीच पाठवला. मी त्यातल्या चार ओळी सुधारल्या, इंग्रजी जरा चांगलं केलं.

"सगली वही खोटी म्हनायची?" खालानं विचारलं.

"खोटी नाही हो खाला. भरवशाची नाही, एवढंच. ते फक्त हॉस्पिटलसाठी. कागदावर."

"कागदावर," ती म्हणाली. बराच वेळ ती वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिली. "तू वाचलायस ना नीट?"

"वाचलंय."

वाशीला नोटरीपुढं तिनं सही केली. माझ्या वहीतल्या नोंदी ऐकीव आणि आठवणीतल्या आहेत, त्यांतल्या नात्यांवर आणि आकड्यांवर विसंबू नये. येताना आम्ही उसाचा रस प्यालो. मी विजयाच्या तोऱ्यात होते. तीन आठवड्यांत मुस्तफाभाईंकडं नवं पत्रक आलं, तेरा घरांचं. बुशराचं नाव नव्हतं. सोबत कारण म्हणून प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली होती, मराठी भाषांतरासकट. गोपनीयतेचा मक्ता घेतलेल्या त्या लोकांनी तेवढी एक गोष्ट मात्र उघड केली.

अम्मारची आई दुसऱ्याच दिवशी आली. या वेळी आत येऊन बसली. मी मुद्दाम खाली थांबले होते, मला तिचा चेहरा बघायचा होता. तिच्या हातात ती प्रत होती.

"खाला, रोगाचा मिटला. माजी काय तक्रार नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पन हितं लिवलंय, आकड्यांवर विसंबू नये. माज्या अम्मारला तुमी पाजलंत. तीन रेगा हाईत. मी तवा तापात व्हते, मला सुद नव्हती. तीन का पाच?"

"तीन," खाला म्हणाली.

"ह्यो कागद म्हनतो, विसंबू नये. तुमची सही हाय. कोर्टात सपथ घेतलीत ती खरी, का आता सांगताव ते खरा?"

खालानं माझ्याकडं पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती वाट बघत होती, वकीलबाई काय बोलतात याची. मी कायद्याची पदवी घेतलेली बाई, कलमं पाठ असलेली, आणि त्या एका वाक्यात 'आकड्यांवर' हा शब्द राहू देताना मला एकदाही त्या रेघा आठवल्या नव्हत्या. संघर्षच्या पाच रेघा मी स्वतःच्या डोळ्यांनी मारताना बघितल्या होत्या. चूक हॉस्पिटलची होती हे खरंच. पण झेरॉक्स काढणाऱ्या त्या पोरीला रीत माहीत नव्हती, मला होती.

"मामा-भाचीचा निका लावून मी अल्लाला काय तोंड दाकवू?" अम्मारची आई रडायलाच लागली. ती दुष्ट बाई नव्हती. अम्मारनं यानंतर फोन केला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण प्रतिज्ञापत्राची प्रत गावोगाव फिरत होती. एप्रिलमध्ये एका रविवारी मिस्बाह आली, पनवेलची, पंचविशीतली, कडेवर एक आणि बोटाला एक पोर. तिचं लग्न चार वर्षांपूर्वी खालाच्या शब्दावर झालं होतं. नवऱ्याला आणि तिला लहानपणी एकाच मावशीनं पाजलं होतं, तिला पाच वेळा आणि त्याला चार वेळा. आता सासरा म्हणत होता, चार की पाच कुणास ठाऊक. खात्री होईतोवर वेगळ्या खोलीत निजा. ती पाच आठवडे सासूच्या खोलीत निजत होती.

"खाला, माजी पोरं काय हराम हाईत?" तिनं विचारलं. तिच्या मागं गॅलरीत आणखी दोघी उभ्या होत्या. त्याही तेच विचारायला आल्या होत्या.

मी खालाच्या कानाशी वाकले. म्हटलं, "खाला, जपून. वही खरी म्हणालात तर शपथ मोडली असं होईल. हॉस्पिटल पानं परत घेईल. बुशराचं नाव पुन्हा..."

खालाला तेव्हा मोतीबिंदूनं अक्षर दिसत नव्हतं. तिनं बुशराला हाक मारली. "बुशरा, वही आन. मिस्बाहचा पान काड."

बुशरानं वही आणली. ती शिक्षिका, तिचा आवाज स्पष्ट होता. तिनं मावशीच्या पानावरचं मिस्बाहचं नाव वाचलं, पाच रेघा. मग मागची पानं उलटून तिच्या नवऱ्याचं नाव काढलं आणि चार रेघा मोजल्या, एकेक, मोठ्यानं. मिस्बाह जमिनीवर बसली.

"चार म्हंजे चार," खाला म्हणाली. "तुजा निका हलाल हाय, तुजी पोरं हलाल हाईत. ही वही खरी हाय. खोटी मी बोलले, वाशीला, कागदावर. जा, तुज्या सासऱ्याला सांग. मुस्तफाला सांग. मशिदीत सांगायला सांग." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "शर्मिला, दुसरा कागद कर."

मी म्हटलं, "खाला, बुशरा..."

"ताई, करा," बुशरा म्हणाली. ती अजून वही हातात धरून उभी होती. "गॅलरीत दोघी हायत. वहीत आणखी किती निघतील, मी मोजले नाहीत."

मी दुसरं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलं, वहीतली प्रत्येक रेघ खरी आहे. आधीचं विधान मी नातीच्या मायेपोटी आणि वकिलाच्या सल्ल्यावरून केलं होतं. वकिलाचं नाव मीच घातलं. खालानं अंदाजानं सही केली. मुस्तफाभाईंनी जुम्म्याला ते वाचून दाखवलं आणि सरळ माणूस म्हणून एक प्रत हॉस्पिटललाही पाठवली. मिस्बाह नवऱ्याच्या खोलीत परत गेली. खाला ऑगस्टात वारली, तेव्हा तिच्या मयतीला चार गावांची माणसं होती.

त्या सगळ्या प्रकरणात मी केलेला तो एकच कागद असा होता की ज्यातला शब्दन् शब्द खरा होता. तो हॉस्पिटलला पोचल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं सुधारित पत्रक आलं होतं. घरं चौदा, सातव्या नंबरला बुशरा.